मशीन पाहण्याचा कार्यक्रम

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी तिच्याविषयी मत असणं आवश्यक असतं. मत पक्कं झालं की वस्तू घेणं तितकंसं आवश्यक राहत नाही. हा शोध कोणत्या देशात लागला ते सांगता येत नाही, पण त्याचा नियमित वापर पारोळ्यात तोताराम नाना बोरसे यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी होतो.

नाना कापूस बाजारातले जुने ग्रेडर. ढिगात हात घालायचा, पुंजका काढायचा, अंगठा आणि बोटामध्ये ओढून धागा बघायचा आणि प्रत सांगायची, यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर कापूस सुटला, पण बोट रिकामं राहीना. मग नाना पंख्याला, मिक्सरला, मोबाईलला आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांना प्रत देऊ लागले. त्यांच्या बोटाला अजून कोणी आव्हान दिलेलं नव्हतं. (ज्यांनी द्यायला हवं होतं ते आत स्वयंपाक करत होते.)

ओट्यावर इतर तीन कायम सदस्य होते. उखर्डू आबांच्या विहिरीवर एक जुनी मोटर होती आणि जगातली सगळी वीज ते त्या मोटरीवरून ओळखत. हितेंद्र विमा एजंट होता. लोकांचे मोबाईल कसे आहेत याचे व्हिडिओ तो आपल्या मोबाईलवर बघायचा, त्यामुळे तरुण पिढीचं प्रतिनिधित्व त्याच्याकडे होतं. आणि शेजारचे पुना भाऊ. त्यांच्या घरात वॉशिंग मशीन होतं, म्हणून त्यांचं मत थोडं एकतर्फी धरलं जाई.

ओट्यावरच्या मतांची वर्गवारी अशी: सुमारे सत्तर टक्के मतं कधीही न वापरलेल्या वस्तूंविषयी असतात, उरलेली तीस टक्के बंद पडलेल्या वस्तूंविषयी. चालू असलेल्या वस्तूंविषयी मत नसतं, कारण त्या बायका वापरत असतात. कोणत्याही कंपनीबद्दल ‘आता पहिल्यासारखी राहिली नाही’ हे वाक्य सर्वसंमत आहे. गेल्या वर्षी निघालेल्या कंपनीलाही ते लागू होतं. चिनी मालावर बहिष्कार टाकण्याचा ठराव इथे अनेकदा झाला आहे आणि प्रत्येक वेळी तो चिनी मोबाईलवरून सगळ्यांना पाठवण्यात आला आहे.

तर अशा या ओट्याच्या मागच्या घरात नानांच्या पत्नी यशोदाबाई यांचा उजवा खांदा आखडला.

आधी वेणी घालताना हात मागे जाईना, मग वरच्या फळीवरचा डबा निघेना. तरीही धुणं चालूच होतं, कारण धुणं खाली असतं. शेवटी धुळ्याला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो अर्ध्यावर थांबला आणि यशोदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "पिळणं बंद. चादरी, गोधड्या तर अजिबात नाहीत. घरात मशीन घ्या, नाहीतर हा हात असाच राहील."

नानांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं, ते काही दगडाचे नव्हते. परतीच्या रस्त्यात त्यांनी बायकोला रसवंतीवर थांबवून उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "लई टाकसूत मशीन," म्हणजे घेऊन टाकू. पण घरी पोचेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं की डॉक्टरांचं मत हे एकट्या माणसाचं मत आहे. त्यावर ओट्याचा शिक्का नाही.

रात्रीच्या जेवणाला यशोदाबाई मशीनचं एकदा बोलल्या, आणि सकाळी नानांच्या मोबाईलवर वॉशिंग मशीनच्या जाहिराती सुरू झाल्या. नाना संतापले. कंपन्या घरातलं बोलणं चोरून ऐकतात हा मुद्दा त्यांनी संध्याकाळी ओट्यावर मांडला आणि त्यावर दिवेलागण होईपर्यंत चर्चा झाली. यशोदाबाईंना मात्र निराळंच नवल वाटलं. घरात आपलं बोलणं कोणीतरी ऐकतं, ही बातमी त्यांना नवी होती.

पुण्याहून लेकीचा, दिपमालाचा, फोन आला. "नाना, मी आत्ता मागवते, परवा दारात येईल."

"न पाहता?" नाना म्हणाले.

"फोटो आहेत ना सगळे."

"फोटो तर तुझ्या आत्याच्या जावयाचाही होता," असं म्हणून नानांनी फोन ठेवला. तो जावई पुढे काय निघाला हे घराण्यात सगळ्यांना माहीत असल्यामुळे विषय तिथेच मिटला.

खानदेशात घरात कायमची येणारी गोष्ट न पाहता येत नाही, आणि पाहण्याची एक रीत ठरलेली आहे. नानांनी ती रीत जशीच्या तशी मशीनला लावली. पाहायला तिघांनी जायचं नाही, पाच जणांनी जायचं. (ओट्यावर चारच होते, म्हणून गाडीच्या ड्रायव्हरला मोठेपणा मिळाला.) आधी घराणं विचारायचं: कंपनी मूळची कुठली, हिच्या आधीची भावंडं म्हणजे फ्रीज, कूलर वगैरे दिल्या घरी नीट नांदतात का. मग चालवून पाहायचं. चहापोहे घ्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जागेवर हो किंवा नाही यातलं काहीही बोलायचं नाही. ‘कळवतो’ म्हणायचं आणि उठायचं. जिला वापरायची आहे तिला बरोबर न्यायची पद्धत अर्थातच नाही.

पहिली पाहणी जळगावला झाली. दुकानाचे मालक किरणशेठ. त्यांची ओळख हितेंद्रच्या सासऱ्यांकडून काढण्यात आली होती, कारण मध्यस्थाशिवाय बोलणी होत नसतात. पाच मोठी माणसं एका ओळीत आत आली आणि सोफ्यावर बसली, तेव्हा किरणशेठना आधी आयकराची धाड वाटली.

"कोणती दाखवू?" त्यांनी विचारलं.

"घाई नाही," नाना म्हणाले. (शहरात नाना शुद्ध बोलतात.) "आधी आमची थोडी माहिती देतो."

माहिती झाली. मग एक मशीन दाखवण्यात आलं. उखर्डू आबांनी उठून त्याचा पत्रा बोटाच्या पेराने वाजवला, कान लावला, आणि परत येऊन नानांच्या कानात, म्हणजे दुकानभर ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, "पत्रा पातळ शे." दुसरं राखाडी रंगाचं होतं. ते कामाला उत्तम आहे असं किरणशेठनी शपथेवर सांगितलं, पण पाचही जणांना ते जरा सावळं वाटलं. तिसरं समोरून उघडणारं होतं आणि त्याच्या पोटाला काच होती. हितेंद्रचं म्हणणं की व्हिडिओत सगळे हेच चांगलं म्हणतात. नाना गंभीर झाले. काचेतून आत फिरणारे कपडे दिसतात. उद्या पाहुणे बसलेले असताना नानांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या एकामागून एक दर्शन देऊ लागल्या, तर बोरसे घराण्याचं काय राहिलं? काचेवर एकमताने फुली पडली.

"बरोबर स्टँड देतो, कव्हर देतो, पावडरचा मोठा पुडा देतो," किरणशेठ म्हणाले.

"आमची काही मागणी नाही," नाना म्हणाले. "तुम्ही तुमच्या हौशीनं जे द्याल ते."

पोहे चांगले होते. पाचही जण उठले, नमस्कार झाले, आणि नाना दारातून म्हणाले, "घरी विचारून कळवतो."

घरी काहीच विचारण्यात आलं नाही. घरी आल्यावर भरीत झालं. पाहणीहून आलेल्या मंडळींना असंच कसं पाठवायचं, म्हणून यशोदाबाईंनी डाव्या हाताने वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि अंगणात सतरंजी अंथरली. मंडळींनी जेवता जेवता पत्र्यावर, रंगावर आणि काचेवर मतं मांडली. भरताचं तेल सतरंजीवर सांडलं. दुसऱ्या दिवशी सतरंजी धुण्यात आली.

पुढे धुळ्याला पाहणी झाली, मग चाळीसगावला, मग पुन्हा जळगावला दुसऱ्या दुकानात. प्रत्येक पाहणीनंतर भरीत झालं, उन्हाळा आल्यावर वांग्यांच्या जागी शेवभाजी आली, पण सतरंजी तीच राहिली. अशा रीतीने वॉशिंग मशीन घेण्याच्या प्रयत्नांमुळे घरातलं धुणं जवळपास दीडपट झालं. याला कोणी मशीनचा दोष म्हणेल, पण नाना तसं म्हणाले नाहीत. ते न्यायी होते.

"मशीन लेवानी शे, का नुसती पहावानी शे?" एकदा यशोदाबाईंनी विचारलं.

"गडबड करीसन जमस नही," नाना म्हणाले. "जलमभरनं काम शे."

यशोदाबाईंनी आपल्या खांद्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

मधल्या काळात चौकशी समितीने प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचा अनुभव ऐकायचं ठरवलं. हे पाऊल फारच पुरोगामी होतं. अनुभव घेण्यासाठी सगळे पुना भाऊंच्या घरी गेले. पुना भाऊंच्या पत्नी प्रमिलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मशीन रोज त्याच लावत. समितीने पुना भाऊंना विचारलं, "कशी शे?"

पुना भाऊंनी विचार केला. "आवाज करस, भो. टीव्ही ऐकू येस नही."

"आणखी काही?"

"मोरीमा जागा अडकाडस."

समितीने मान हलवली, चहा घेतला, रिकामे कप प्रमिलाबाईंच्या ट्रेमध्ये ठेवले आणि वापरणाऱ्यांचा अनुभव प्रतिकूल असल्याचं नक्की केलं. प्रमिलाबाई कप घेऊन आत आल्या. मागच्या दारात यशोदाबाई उभ्या होत्या.

"अक्का," प्रमिलाबाई म्हणाल्या, "यास्नी वाट पाही राहिन्यात का तुम्ही? तुमना बठ्ठा कपडा मना घर लई या."

तेव्हापासून दुपारी नाना झोपले की यशोदाबाई एक गाठोडं डाव्या काखेत घेऊन मागच्या दाराने प्रमिलाबाईंकडे जाऊ लागल्या. नानांना एकदोनदा जाग आली तेव्हा ते गाठोडं दिसलं होतं. बायकांना गप्पा मारायला काहीतरी निमित्त लागतं, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते पुन्हा झोपले.

हळूहळू खांदा सुटू लागला. आधी वेणी जमली, मग वरचा डबा निघाला. नानांचे सदरेही पहिल्यापेक्षा पांढरे दिसू लागले. या दोन्ही गोष्टी नानांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. त्यांनी सदऱ्याची किनार अंगठा आणि बोटामध्ये धरून ओढली, डोळे मिटले आणि प्रत सांगितली: हाताचं धुणं, उत्तम.

हे मत ओट्यावर आलं तेव्हा हितेंद्रच्या डोक्यात कल्पना आली. बाजारात मशीनचे गोडवे गाणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. खरं बोलणारा एकही नाही. त्याने नानांना पांढरा सदरा आणि कडक टोपी घालून ओट्यावर बसवलं आणि मोबाईल समोर धरला. नाना तेव्हा जे बोलले ते आता पारोळा, एरंडोल, अमळनेरच नव्हे तर सबंध दोन जिल्ह्यांना पाठ आहे. त्यांनी सदऱ्याची किनार कॅमेऱ्यापुढे धरली आणि म्हणाले, "या बोटांनी लाखो गाठी कापूस तपासलेला आहे. हे बोट खोटं बोलत नाही. हा सदरा आमच्या घरात हाताने धुतलेला आहे. कोणत्याही कंपनीने असा धुऊन दाखवावा!" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण कॅमेरा चालू असताना माणूस थांबत नाही. ते पुढे म्हणाले, "आमच्या घरात खांदा आखडला होता. डॉक्टर म्हणाले, धुणं बंद करा. आम्ही बंद केलं नाही. आज खांदा मोकळा आहे. पिळणं हाच त्याचा व्यायाम आहे."

व्हिडिओ तुफान चालला. मंडळींनी अंगठे, हात जोडलेल्या खुणा आणि झेंडे पाठवले. कोणीतरी लिहिलं, ‘विदेशी कंपन्यांना सणसणीत चपराक’. जळगावच्या किरणशेठचा फोन आला. ठरत आलेली बरीच गिऱ्हाइकं व्हिडिओ दाखवून ‘कळवतो’ म्हणत परत गेली होती. सगळ्या गिऱ्हाइकांत पुरुषच होते आणि त्या सगळ्यांनी तो व्हिडिओ घरी बायकोलाही दाखवला होता.

यशोदाबाईंना तो चाळीसगावच्या चुलत नणंदेने पाठवला. नणंदेच्या दोन्ही मनगटांना संधिवात होता. खाली तिने लिहिलं होतं, ‘वहिनी, हा व्हिडिओ पाहून आमच्याकडे मशीनचं रद्द झालं. तुमच्या खांद्याला खरंच बरं वाटलं का?’

यशोदाबाईंनी तो व्हिडिओ शेगडीपाशी उभं राहून पूर्ण बघितला. गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि त्या बाहेर ओट्यावर आल्या. संध्याकाळच्या बैठकीत त्या याआधी कधी आल्या नव्हत्या, त्यामुळे उखर्डू आबा आपोआप सरकून बसले.

"हाऊ सदरा," यशोदाबाई नानांच्या कॉलरला हात लावून म्हणाल्या, "मशीनमा धवायेल शे. संक्रांतपाईन बठ्ठा कपडा प्रमिलाना मशीनमा धवाई राहिनात. तुमनं बोट काय करी राहिनं व्हतं?"

पुना भाऊंनी आपल्याच घराकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिथे परक्या देशाचा कारखाना निघाला होता.

नानांनी किनार पुन्हा बोटांत धरली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सगळी हयात त्या बोटावर उभी होती आणि चार माणसांसमोर ते बोट खोटं ठरलं होतं. अशा वेळी कोणीही खचला असता, पण मताच्या माणसाचं तसं नसतं. नाना घसा खाकरून म्हणाले, "तरीच. मी म्हनू, थोडं पांढरपन कमी का वाटस."

"मले तर पहिलेपाईनच शंका व्हती," उखर्डू आबा म्हणाले. हितेंद्रने मोबाईलच्या उजेडात कॉलर पाहिली आणि तिला किंचित पिवळी झाक असल्याचं सांगितलं. सदऱ्याची प्रत जागच्या जागी उतरवण्यात आली.

यशोदाबाई ओरडल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि दोन खेपांत पाण्याने भरलेलं घमेलं, साबणाची वडी आणि नानांची स्वतःची जाड गोधडी घेऊन आल्या. सगळं नानांच्या पायाशी ठेवलं.

"हातना गुण शे ना? मंग हात तुमले बी दोन शेत. व्यायाम बी व्हई जाई."

ओट्यासमोर मागे हटणं शक्य नव्हतं. नानांनी बाह्या सरसावल्या. गोधडी भिजवेपर्यंत सगळं मताप्रमाणे झालं. भिजल्यावर मात्र ती उचलेना. उखर्डू आबांनी बसल्या जागेवरून मोटरीचा दाखला दिला. हितेंद्रने सांगितलं की व्हिडिओत लोक आधी एक कोपरा धरतात. पुना भाऊ म्हणाले की पाणी जास्त झालं. दुसरं टोक धरायला मात्र कोणी उठलं नाही, कारण सगळे मत देत होते. नानांनी एकट्याने पीळ द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या पिळाला त्यांच्या खांद्यात कट् असा आवाज झाला. तो ओट्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेला, आणि नानांच्या तोंडून आईची आठवण निघाली.

रात्री त्यांना कूस बदलता आली नाही. यशोदाबाईंनी खांद्याला तेल लावून दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत, तेवढं दुखणं नानांना पुरलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी नाना पारोळ्याच्याच बसस्टँडमागच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. एकटे. मध्यस्थ नव्हता, पाचजण नव्हते, पोहे नव्हते. दुकानदाराने विचारलं, कोणत्या कंपनीचं? नाना म्हणाले, कोणतंही. रंग? कोणताही. पत्रा वाजवून बघणार का? नाना म्हणाले, "आज घरी येईल का, तेवढं सांग." दुपारी टेम्पोतून एक मशीन उतरलं. सावळं होतं, काचेचं होतं आणि कंपनी कोणाच्या ऐकण्यातली नव्हती. कोर्टात लग्न लावून आल्यासारखं ते मोरीत शिरलं आणि त्याच दिवसापासून नांदू लागलं. काचेतून पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या फिरताना सगळ्या गल्लीने पाहिल्या आणि घराणं होतं तसंच राहिलं.

या मशीनविषयी नानांचं मत काय, असं ओट्यावर एकदाच विचारण्यात आलं. नाना म्हणाले, "चालस." मग ते नव्या मोबाईलच्या बॅटरीकडे वळले.

व्हिडिओ मात्र त्यांनी काढलेला नाही. यशोदाबाई रोज सांगतात आणि नाना रोज ‘बघतो’ म्हणतात, कारण अंगठे अजून येताहेत. चाळीसगावच्या नणंदेने मनगटांना फडकी बांधून धुणं चालू ठेवलं आहे. नवऱ्याने तिला व्हिडिओ पुन्हा दाखवला, तेव्हा तिने वहिनीचं मशीन आल्याचं सांगितलं. नवरा म्हणाला की आपण आधी एकदा पाहायला जाऊ.

या सगळ्या प्रकरणाविषयी वाचकांचं मत बनलं असेलच. नाना चुकले, ओटा मूर्ख, असं काहीतरी असेल आणि ते चार लोकांत मांडण्यासारखंही असेल. मांडण्यापूर्वी फक्त अंगात जे घातलं आहे ते कोणी धुतलं, कशात धुतलं आणि धुणाऱ्याचा हात कुठवर वर जातो, एवढं घरात विचारून घ्यावं. (विचारणार असाल तर आत्ताच विचारा. ‘कळवतो’ म्हणू नका.)